खाली करा, पण जायचं कुठे?

(भिवंडी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



शिक्षकाच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानाला विद्यार्थ्यांचाच विषय असावा, असं मला वाटलं. त्यातला एक लहानसा भाग मी निवडला आहे. शिकण्यासाठी घरापासून दूर राहणाऱ्या मुलामुलींना राहती जागा अचानक सोडावी लागली, तर पुढं काय होतं? कधी आग लागते, कधी इमारतीला तडे जातात, कधी साथ येते, कधी युद्ध सुरू होतं. ‘आत्ताच्या आत्ता बाहेर पडा’ असा निरोप येतो आणि मुलं बाहेर पडतातही. त्यानंतरची रात्र कुठे काढायची आणि त्यानंतरचं सत्र कसं पार पाडायचं, हा माझा आजचा प्रश्न आहे.

विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकांनी फोनवर शंका काढली. म्हणाले, ‘सर, विद्यापीठाची वसतिगृहं कालिन्याला नि चर्चगेटला. भिवंडीकरांना त्याचं काय?’ शंका रास्त आहे. पण भिवंडीची मुलं मुंबईला, पुण्याला, नाशिकला जाऊन राहतात. बाहेरून भिवंडीत येणारी मुलं वसतिगृह नाही मिळालं की यंत्रमागाच्या खडखडाटाशेजारी दोघांत-तिघांत खोली घेतात. दुसरी गोष्ट अशी, की इमारत घाईघाईने रिकामी करणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रात ज्या थोड्या शहरांना फार जवळून माहीत आहे, त्यांत हे शहर आहे. तेव्हा हा विषय इथं मांडायला मी आलो आहे, तसाच तो इथून शिकायलाही आलो आहे.

२१ सप्टेंबर २०२० ची पहाट तुम्ही विसरलेला नाहीत. पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत लोक झोपेत असताना कोसळली. १९८४ सालचं बांधकाम, तळमजल्यावर तीन मजले. सुमारे ४० माणसं गेली. धामणकर नाक्याच्या त्याच परिसरात बी.एन.एन. महाविद्यालय आहे, म्हणजे शेकडो विद्यार्थ्यांच्या रोजच्या वाटेवरची ही जागा. पुढे एप्रिल २०२३ मध्ये वलपाड्याची वर्धमान कंपाउंडमधली इमारत भरदुपारी पडली. खाली गोदाम, वर बिऱ्हाडं. आठ जण दगावले. या दोन्ही घटनांत बहुतेकांना बाहेर पडायला अवधीच मिळाला नाही.

माझ्या विषयाच्या दृष्टीने मात्र सगळ्यात जास्त शिकवणारी घटना या दोन्हींच्या आधीची, शांतीनगरमधली आहे. ऑगस्ट २०१९. एका चार मजली इमारतीच्या खांबाला तडा गेल्याची खबर महापालिकेला मिळाली. आपत्कालीन पथक वेळेवर पोचलं. रहिवाशांना बाहेर काढलं. इथपर्यंत सगळं जसं व्हायला हवं तसंच झालं. मग काही जण सामान आणायला परत आत गेले, आणि इमारत कोसळली. दोघांचा जीव गेला. इमारत जुनाट नव्हती, अवघी आठेक वर्षांची होती, अनधिकृत होती.

या घटनेवर सहज ऐकू येणारा शेरा असा, की लोकांना जिवापेक्षा सामान प्यारं. मला हा शेरा निर्दय वाटतो. नेसत्या वस्त्रांनिशी रस्त्यावर आलेल्या माणसाला उद्याची रात्र कुठे काढायची ते कुणी सांगितलेलं नसतं. आधार कार्ड, रेशन कार्ड, पगाराचे चार पैसे, मुलाची मार्कशीट, हे सगळं आत असतं. पुढचं आयुष्य ज्या कागदांवर उभं करायचं ते कागदच आत राहिले, तर माणूस परत जिना चढतो. त्याला अडवायचं असेल तर दोरी लावून भागत नाही. ‘तुमची रात्रीची सोय अमुक शाळेत आहे, आणि सामान आमच्या देखरेखीखाली उद्या काढून देऊ’ ही दोन वाक्यं दोरीपेक्षा जास्त कामाची असतात, अर्थात ती खरी असतील तर.

म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढची खाट ठरल्याशिवाय दिलेला जागा सोडण्याचा आदेश अर्धवट असतो. जीव वाचवण्यासाठी तो द्यावाच लागतो, तेव्हा उरलेला अर्धा भाग आदेश देणाऱ्याने आधीच तयार ठेवलेला असला पाहिजे. विद्यार्थ्यांच्या बाबतीत तो तयार नसतो, कारण विद्यार्थी हा आपल्या कायद्याच्या आणि व्यवस्थेच्या फटीत राहणारा माणूस आहे.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहू. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक इमारतीला नोटीस देता येते. कलम २६५अ खाली ३० वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणं बंधनकारक आहे. कलम २६८ खाली आयुक्त इमारत रिकामी करायला सांगू शकतात. राज्य शासनाने धोकादायक इमारतींची वर्गवारी ठरवून दिली आहे. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२अ म्हणजे रिकामी करून दुरुस्ती. सी-२ब म्हणजे लोक राहत असतानाच दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. पावसाळ्याच्या तोंडावर दर वर्षी याद्या निघतात, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचताच. इमारत पाडण्यापूर्वी भाडेकरूंची नावं आणि प्रत्येकाच्या जागेचं क्षेत्रफळ नोंदवून ठेवायचं असतं, म्हणजे नव्या इमारतीवरचा त्यांचा हक्क शाबूत राहतो. ही नोंद मिळवतानाही लोकांच्या चपला झिजतात, पण निदान तो हक्क कागदावर आहे.

विद्यार्थ्याला हेही नाही. वसतिगृहातला प्रवेश वर्षापुरता. तो मालक नाही, भाडेकरू नाही. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहत असेल तर बऱ्याचदा करारही नसतो. महिन्याचे पैसे आणि तोंडी ओळख, एवढाच व्यवहार. त्याचं नाव इथल्या रेशन कार्डावर नसतं, इथल्या मतदारयादीत नसतं. त्यामुळे नगरसेवक त्याच्यासाठी रात्री धावत येत नाही. कमाई नाही, म्हणून दुसऱ्या खोलीची अनामत भरता येत नाही. आणि त्याचं घड्याळ वेगळं चालतं. कुटुंबाला दोन महिने नातेवाइकाकडे काढता येतात. विद्यार्थ्याची सत्रपरीक्षा अकरा दिवसांवर असेल तर गावाला जाणं म्हणजे वर्ष घालवणं.

मी बरीच वर्षं एका वसतिगृहाचा रेक्टर होतो. वसतिगृहाबाहेरच्यांना ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगतो. हजेरीपटावरची नावं आणि प्रत्यक्ष झोपणारी माणसं यांचा मेळ कोणत्याही रात्री बसत नाही. काही मुलं गावी गेलेली असतात. आउटपासवर सही राहिलेली असते. उलट काही खोल्यांत दोनाऐवजी चौघं असतात. प्रवेश न मिळालेल्या, खोली परवडत नसलेल्या आणि मित्राच्या खाटेशेजारी गादी टाकून राहणाऱ्या मुलाला आपल्याकडच्या वसतिगृहांत ‘पॅरासाइट’ म्हणतात. शब्द क्रूर आहे, पण मुलं तो सहज वापरतात, स्वतःबद्दलही वापरतात. अशी मुलं गरीब असतात, बहुतेक स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी असतात, आणि अधिकाऱ्याची चाहूल लागली की गच्चीवर जातात. आता रात्री दोन वाजता आग लागली, इमारत रिकामी केली, आणि अंगणात हजेरी घेतली, तर या मुलाचं नाव पुकारणार कोण? तो बाहेर आला की आत राहिला, हे कुठल्याच कागदावरून कळत नाही. त्याला शोधून हाकलण्याची मोहीम आपण दर वर्षी काढतो. आणीबाणीच्या यादीत त्याचं नाव टिपून ठेवण्याची व्यवस्था मात्र कुठे दिसत नाही. शिस्तीची यादी आणि जिवाची यादी या दोन वेगळ्या याद्या असाव्यात, आणि दुसऱ्या यादीवरून कुणाला दंड होणार नाही असं रेक्टरने जाहीर करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता जागा सोडण्याच्या प्रसंगांकडे वळू. वसतिगृह रिकामं होत असताना धोका संपत नाही, रूप बदलतो. याचं सर्वांत दुःखद उदाहरण मुंबईत घडलं. चर्नी रोडजवळचं सावित्रीदेवी फुले महिला छात्रालय हे राज्य शासनाचं. इमारत जुनी झाली होती आणि मुलींना दुसरीकडे हलवायचं ठरत होतं. जून २०२३. सुट्टीचे दिवस, बहुतेक मुली गावी गेलेल्या. चौथ्या मजल्यावर जवळपास एकटी राहिलेल्या एका विद्यार्थिनीवर अत्याचार करून तिचा खून झाला. संशय तिथल्याच सुरक्षारक्षकावर होता. त्याचाही मृतदेह त्याच दिवशी रेल्वेरुळांवर सापडला. घटनेनंतर चौकशी समिती नेमली गेली, सुरक्षेवर भरपूर बोललं गेलं. सीसीटीव्ही आणि महिला रक्षकांची मागणी योग्यच होती. माझं लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे जातं. भरलेलं वसतिगृह स्वतःच स्वतःची राखण करतं. शेजारच्या खोलीतली हाक ऐकू येते. रिकामं वसतिगृहही एका अर्थी सुरक्षित, कारण आत कुणीच नाही. अर्धवट रिकामं वसतिगृह सगळ्यांत वाईट. म्हणून हलवाहलव सुरू झाली की उरलेल्या मुलींना त्याच दिवशी एका मजल्यावर, एकमेकींशेजारी आणणं, हे कुलूप-कॅमेऱ्याच्या आधीचं काम आहे. शेवटची मुलगी बाहेर पडेपर्यंत वसतिगृह चालूच आहे असं धरून चाललं पाहिजे.

करोनाच्या काळात महाराष्ट्रातल्या वसतिगृहांनी एकाच वेळी जी हलवाहलव पाहिली, तशी त्याआधी क्वचितच पाहिली असेल. मार्च २०२० च्या मध्यावर राज्य सरकारने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. प्लेगच्या धामधुमीत इंग्रजांनी केलेला हा कायदा.  मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात वसतिगृहं रिकामी करण्याच्या सूचना निघाल्या; आयआयटी मुंबईसारख्या संस्थांनीही मुलांना घरी जायला सांगितलं. २२ मार्चला रेल्वे थांबली, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. म्हणजे जाण्यासाठी खऱ्या अर्थाने मोजके दिवस मिळाले. ज्यांचं घर एसटीच्या एका बसवर होतं ते पोचले. गडचिरोलीचा, नंदुरबारचा, ईशान्य भारतातला विद्यार्थी आधी तिकीट शोधत राहिला आणि मग अडकला. पुण्यात पेठांमध्ये राहून एमपीएससीची तयारी करणारी हजारो मुलं मेस बंद झाल्यावर खोलीत उपाशीतापाशी बसली, आणि मे महिन्यात एसटीने त्यांना जिल्ह्याजिल्ह्यांत पोचवलं.

एप्रिलच्या अखेरीस धुळ्याहून एसटीच्या सत्तरएक गाड्या राजस्थानातल्या कोट्याला गेल्या आणि तिथं अडकलेल्या महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना घेऊन आल्या. या मोहिमेचं कौतुक झालं, ते योग्यच होतं. चालक-वाहकांनी ते दिवस जिवावर उदार होऊन काढले. पण हिशेब पाहा: टाळेबंदी लागली २५ मार्चला, गाड्या निघाल्या २९ एप्रिलला. जो निर्णय पाच आठवड्यांनी होऊ शकला, तो आधीच का झाला नाही? गाड्या होत्या, चालक होते, रस्ते मोकळे होते. दोन राज्यांच्या सरकारांपैकी विद्यार्थी कुणाचा, हे ठरायला वेळ लागला.

त्याच काळात राज्यभर अनेक वसतिगृहं विलगीकरणासाठी ताब्यात घेतली गेली. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ प्रमाणे प्रशासनाला इमारती ताब्यात घेण्याचा अधिकार आहे, आणि त्या वेळी तो वापरणं भागच होतं. मात्र इमारत ताब्यात घेताना खोल्यांत मुलांच्या ट्रंका, वह्या, लॅपटॉप, मूळ दाखले पडलेले होते. त्या ट्रंका हलवणाऱ्यांकडे प्रत्येक खोलीची यादी हवी, पंचनामा हवा, कुलूपबंद जागा हवी. वसतिगृहाच्या नियमावलीत ‘मौल्यवान वस्तूंची जबाबदारी संस्थेवर राहणार नाही’ असं एक वाक्य असतं. शांततेच्या काळात ते खपून जातं. संस्थेनेच मुलाला बाहेर काढलं असेल, तर त्याच्या ट्रंकेची जबाबदारी त्या वाक्याने झटकता येणार नाही.

आता परदेशाकडे पाहू, कारण मराठी मुलं तिथंही आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर रशियाने हल्ला केला तेव्हा वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेले हजारो भारतीय विद्यार्थी तिथं होते, त्यांत महाराष्ट्राचे शेकडो. खार्किवमध्ये १ मार्चला कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्याचा एक विद्यार्थी मारला गेला. दुसऱ्याच दिवशी भारतीय दूतावासाने शहरातल्या मुलांना मिळेल त्या मार्गाने, गाडी नसेल तर पायी, जवळच्या गावांकडे निघायला सांगितलं. सुमी शहरातली मुलं वसतिगृहाच्या तळघरात राहत होती. नळ बंद झाले तेव्हा त्यांनी बर्फ वितळवून पाणी केलं. ५ मार्चला त्यांनी एक चित्रफीत प्रसारित केली: आता आम्ही चालत सीमेकडे निघतो, वाटेत काही झालं तर जबाबदारी सरकारची. दूतावासाने त्यांना थांबायला सांगितलं. ७ तारखेचा प्रयत्न फसला. ८ मार्चला ६९४ भारतीय विद्यार्थी बसगाड्यांतून पोल्टाव्हाला निघाले, तिथून रेल्वेने पश्चिमेकडे आणि पोलंडमार्गे विमानाने घरी. युक्रेनमधल्या भारतीयांना परत आणण्याच्या ‘ऑपरेशन गंगा’तला हा सर्वांत अवघड टप्पा होता.

सुमीच्या मुलांना त्या दिवसांत सगळ्यात जास्त कशाचा जाच झाला असेल, तर तो नक्की काही न कळण्याचा. थांबायचं की निघायचं? कधी? कोणत्या गेटमधून? घाबरलेल्या तरुण मुलांना दर दोन तासांनी एका जबाबदार माणसाचा खरा निरोप मिळाला, मग तो ‘आज काही ठरलेलं नाही’ एवढाच असला, तरी ती थांबतात. निरोप आला नाही की ती स्वतःच निर्णय घेतात, आणि ते निर्णय जिवावर बेतू शकतात. पुढे घरी परतल्यावरही त्यांची परवड संपली नाही. पाच वर्षांची फी, अर्धवट पदवी, प्रात्यक्षिकाविना वर्ग, भारतात प्रवेश मिळणार की नाही याच्या न्यायालयीन लढाया. विमानतळावरचे हारतुरे एका दिवसाचे होते. शिक्षण पुन्हा रुळावर यायला वर्षं गेली.

युद्ध नसलेल्या, सुबत्तेच्या देशांतही हे प्रसंग येतात. इंग्लंडमधल्या बोल्टन शहरात १५ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री ‘द क्यूब’ नावाच्या सहा मजली विद्यार्थी-निवासाला आग लागली. दोनशेहून अधिक मुलं बाहेर पडली, जीवितहानी झाली नाही. नंतर जे बाहेर आलं ते आपल्यालाही लागू आहे: त्या इमारतीत धोक्याची घंटा इतक्या वेळा विनाकारण वाजत असे, की त्या रात्रीही काही जणांना ती नेहमीसारखी खोटीच वाटली. बाहेरच्या आवरणाने आग भराभर वर नेली. मुलांचं सगळं गेलं. पारपत्रं, लॅपटॉप, कपडे. विद्यापीठाने त्यांना दुसऱ्या निवासांत जागा दिली आणि गावाने कपड्यांचे ढीग आणून टाकले.

फेब्रुवारी २०२१ मध्ये एक्सेटर विद्यापीठाशेजारी दुसऱ्या महायुद्धातला एक हजार किलोचा जर्मन बॉम्ब सापडला. बारा निवासांतले सुमारे १,४०० विद्यार्थी हलवले गेले, तेही करोनाच्या निर्बंधांत. अमेरिकेतलं उदाहरण आणखी बोलकं आहे. ऑगस्ट २००५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात नवी मुलं सामान घेऊन आली, आणि त्याच दिवशी त्यांना सांगावं लागलं की कट्रिना वादळ येतंय, परत जा. ज्यांना जायला घर जवळ नव्हतं त्यांच्यासाठी बसगाड्या तयार होत्या, आणि बसगाड्यांना जायला ठिकाणही ठरलेलं होतं: शेजारच्या मिसिसिपी राज्यातलं जॅक्सन स्टेट विद्यापीठ. पुढचं पूर्ण सत्र टुलेन बंद राहिलं, तर देशभरातल्या इतर विद्यापीठांनी त्या मुलांना आपल्या वर्गांत बसवून घेतलं. वादळ कुणाला थांबवता आलं नाही. मुलाची खाट आणि मुलाचं सत्र या दोन गोष्टी मात्र संस्थांनी आपसात वाटून घेतल्या.

हे ऐकून कुणी म्हणेल, श्रीमंत देशांच्या गोष्टी सांगू नका. ठीक आहे, कोल्हापूरची सांगतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक बोर्डिंगं उभी केली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. जैन बोर्डिंगात राहणारा एक तरुण या मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेला. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला त्याने नकार दिला. त्याला बोर्डिंगातून काढून टाकण्यात आलं. तो तरुण म्हणजे भाऊराव पाटील. महाराजांनी त्याला आपल्याकडे ठेवून घेतलं. एका दरवाजातून बाहेर पडलेल्या मुलासाठी दुसरा दरवाजा त्याच गावात उघडा होता, म्हणून पुढे १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था उभी राहिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात शाहू बोर्डिंग सुरू झालं. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र जेवत. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं. वसतिगृह चालवणं म्हणजे काय, याची यापेक्षा मोठी व्याख्या मला माहीत नाही.

तेव्हाच्या आणि आजच्या धोरणात एक फरक पडला आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांना आता रोख मदत मिळते. अनुसूचित जातींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना. मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत. मदत गरजेची आहे, ती वेळेवर मिळावी यासाठी मुलं मोर्चे काढतात, तेही गरजेचं आहे. पण खाटेच्या जागी रक्कम आली की खाट शोधण्याची जबाबदारी मुलावर आली. अठरा वर्षांचा मुलगा ती रक्कम घेऊन शहरात सगळ्यात स्वस्त खोली शोधतो, आणि अनेकदा सगळ्यात स्वस्त खोली सगळ्यात कमकुवत इमारतीत असते. त्याच्या अर्जात पत्ता असतो, भाडेकराराची प्रत असते. तो पत्ता महापालिकेच्या धोकादायक इमारतींच्या यादीशी ताडून पाहण्याची पद्धत माझ्या तरी पाहण्यात नाही. एका सरकारी कार्यालयात मुलाचा पत्ता, दुसऱ्या कार्यालयात इमारतीचा धोका. दोन्ही कागद एका टेबलावर आणायला नवा कायदा लागत नाही, एक कारकून आणि दोन दिवस लागतात.

आणि हे जमणार नाही असं निदान भिवंडीने म्हणू नये. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी पोळलेल्या या शहरात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या बांधल्या. वेगवेगळ्या धर्मांची माणसं पोलिसांबरोबर नियमित बसू लागली, एकमेकांची नावं, दुकानं, फोन नंबर माहीत झाले. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी पेटली नाही. ज्या दिवशी संकट आलं त्या दिवशी काही विशेष करावं लागलं नाही, कारण काम आधीच झालेलं होतं. विद्यार्थ्यांच्या आपत्कालीन निवासासाठी मला याहून वेगळं काही नको आहे.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत आणि त्या भिवंडीपुरत्या आहेत.

प्रत्येक महाविद्यालयाने प्रवेश अर्जात घरच्या पत्त्याबरोबर ‘इथला राहण्याचा पत्ता’ हा रकाना ठेवावा, सत्राच्या सुरुवातीला तो पुन्हा भरून घ्यावा आणि पावसाळ्याआधी महापालिकेच्या यादीशी ताडून पाहावा. ज्याचं घर यादीत सापडेल त्याला बोलावून सांगावं. त्याचा बोभाटा करू नये, नाहीतर मालक त्याला आधीच काढून टाकेल.

शहरातली महाविद्यालयं, शाळा, मदरसे, मंगल कार्यालयं आणि विविध समाजांच्या ट्रस्टची सभागृहं यांनी आपसात लेखी करार करावा: अमुक संस्थेची मुलं बेघर झाली तर अमुक सभागृह किमान सात रात्रींसाठी उघडेल, किल्ली अमुक माणसाकडे असेल, मुलींची व्यवस्था स्वतंत्र असेल. किल्ली कुणाकडे आहे हे ठरलेलं नसलं की रात्री दोन वाजता करार कपाटातच राहतो.

मुलांनी स्वतः मूळ दाखल्यांची छायाचित्रं डिजिलॉकरमध्ये किंवा घरच्यांच्या फोनवर ठेवावीत, आणि पारपत्र, औषधं, परीक्षेचं प्रवेशपत्र एका पिशवीत हाताशी ठेवावं. म्हणजे बाहेर पडलेला मुलगा सामानासाठी परत आत जाणार नाही.

मुंबई विद्यापीठाने आपत्तीमुळे निवास गमावलेल्या विद्यार्थ्याला परीक्षेसाठी दुसरी तारीख हक्काने मिळेल असा नियम करावा. प्रत्येक वेळी प्राचार्यांच्या दयेवर आणि कुलगुरूंकडे नेलेल्या निवेदनावर हे सोडू नये.

यातल्या एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. लागते ती एक बैठक, एक यादी आणि एक जबाबदार माणूस. या सभागृहात आज प्राचार्य आहेत, विश्वस्त आहेत, महापालिकेचे अधिकारीही आहेत. पुढच्या जूनच्या आत ही बैठक घ्या आणि तिच्यात दोन विद्यार्थी प्रतिनिधींना बसवा, एवढीच विनंती करतो.